स्लेजहॅमर म्हणतो ‘सापडलं’, इसाबेल म्हणते ‘नाही’: दर वेळी कुठे बघायचं

महिन्या-दोन महिन्यांनी कुणाचा तरी फोटो येतो. स्क्रीनचाच, मोबाइलवर तिरका काढलेला, आणि खाली एक ओळ: “दादा, हिला काय झालंय बघा ना.” ‘ही’ म्हणजे इसाबेल, गणिती सिद्धता पायरी-पायरीने तपासणारं सॉफ्टवेअर. फोटोतल्या खालच्या चौकटीत स्लेजहॅमरचा, म्हणजे बाहेरच्या प्रोग्रॅमांकडून सिद्धता शोधून घेणाऱ्या तिच्या साधनाचा, निरोप असतो. झेड-थ्रीला किंवा सीव्हीसी-फाइव्हला (हे ते बाहेरचे प्रोग्रॅम, सॉल्व्हर) सिद्धता सापडली म्हणून, आणि लगेच पुढे, ती एका ओळीत पुन्हा उभी करता आली नाही म्हणून. बाहेरचा म्हणतो झालं, घरची म्हणते नाही, आणि आपण मध्ये.

आमचा नाशिकमध्ये पाच-सहा जणांचा गट आहे. दोघं सातपूरला कंट्रोलरचं सॉफ्टवेअर लिहितात, दोघी कॉलेजात गणित शिकवतात, एक अजून इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. रविवारी सकाळी गंगापूर रोडला एकाच्या घरी बसतो. तेच उत्तर सहाव्यांदा व्हॉट्सॲपवर टाइप करायचा कंटाळा आला, म्हणून इथे लिहून ठेवतोय. उदाहरण शेवटपर्यंत एकच घेतलंय, आणि तेही आपल्या गावचं: ६१७४.

कापरेकर गुरुजींनी देवळालीच्या शाळेत १९३० ते १९६२ शिकवलं. १९४९ साली त्यांना हे सापडलं: चार अंकी कुठलीही संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने मांडा, मग चढत्या क्रमाने मांडा, मोठीतून लहान वजा करा. जे येईल त्याच्यावर पुन्हा तेच. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येतं आणि तिथून गाडी पुढे सरकत नाही. नाशिकचा एसटीडी कोड ०२५३ घेऊन बघा: ५३२० उणे ०२३५ म्हणजे ५०८५, मग ७९९२, ७१७३, ६३५४, ३०८७, ८३५२, ६१७४. बरोब्बर सात. हे इसाबेलमध्ये सिद्ध करायला बसलं की खालच्या जवळजवळ सगळ्या अडचणी ओळीने भेटतात. आम्हाला भेटल्या.

दोघांचं पटत का नाही

लासलगावला कांद्याचा लिलाव पाहिला असेल. ट्रॅक्टरभोवती व्यापारी जमतात, बोली लागते, भाव पुकारला जातो. पण शेतकऱ्याच्या हातात पैसे पडतात ते काट्यावर वजन होऊन हिशोबपट्टी झाल्यावर. पुकारलेला भाव खोटा असतो असं नाही. नुसत्या पुकाऱ्यावर पैसे देत नाहीत, एवढंच.

इसाबेलमध्ये काट्याचं काम कर्नल, म्हणजे प्रत्येक पाऊल तपासणारा तिचा गाभा, करतो. ही रचना मूळची रॉबिन मिल्नर यांची, १९७० च्या दशकातल्या एलसीएफ या प्रणालीतली. तिच्यात ‘प्रमेय’ हा डेटाचा प्रकारच असा बंदिस्त ठेवला की ठरलेले अनुमान-नियम लावल्याशिवाय त्या प्रकारची वस्तू जन्मालाच येत नाही. एमएल ही प्रोग्रॅमिंगची भाषा त्याच कामासाठी तयार झाली. लॉरेन्स पॉलसन यांनी १९८० च्या दशकात केंब्रिजला इसाबेल बांधली ती याच वळणावर. बाहेरचे सॉल्व्हर म्हणजे व्यापारी. चपळ, अनुभवी, पण बोलणं तोंडी. त्यांच्यावरचा संशय उगाच नाही. २०२० च्या सुमारास झेड-थ्री आणि सीव्हीसी-फोर यांच्यावर मुद्दाम वेडेवाकडे प्रश्न फेकून पाहिले, तेव्हा शेकडो बग निघाले आणि त्यांतल्या काहींमुळे चक्क निकालच चुकत होता.

स्लेजहॅमर या दोघांमधला अडत्या. तो काय करतो हे एकदा नीट कळलं की निम्मे फोटो यायचे थांबतील. लायब्ररीतल्या हजारो लेमांमधून (लेमा म्हणजे छोटं, मदतीला घ्यायचं प्रमेय) तो कामाचे वाटतील असे काहीशे निवडतो. ते आणि आपलं साध्य मिळून साध्या पहिल्या दर्जाच्या तर्कात किंवा एसएमटीच्या, म्हणजे तर्काला अंकगणित वगैरेंची जोड असलेल्या सॉल्व्हरांच्या, भाषेत उतरवतो. ई, व्हॅम्पायर, झेड-थ्री वगैरे मंडळींना एकदमच कामाला लावतो आणि नेहमीच्या सेटिंगमध्ये ३० सेकंद वाट बघतो. कुणी ‘झालं’ म्हटलं की त्याने कोणते लेमा वापरले एवढीच यादी उचलतो. हे लक्षात घ्या, सिद्धता तशीच्या तशी येत नाही, यादी येते. मग त्या यादीवरून इसाबेलच्या आतली मेटिस, सिंप, ऑटो, ब्लास्ट, एसएमटी अशी साधनं चालवून, साधारण सेकंदाच्या बेताने, तीच गोष्ट कर्नलमधून पार पडते का बघतो.

म्हणजे बिघाड तीन ठिकाणी होऊ शकतो: प्रश्नात, निवडीत, पुन्हा उभं करण्यात. बहुतेक जण तिसऱ्यापासून सुरुवात करतात. बिघाड मात्र बहुतेकदा पहिल्यात असतो.

आधी विचारा: हे खरं तरी आहे का?

दहावीच्या भूमितीत आपण पक्ष, साध्य, सिद्धता असं लिहायचो. इथेही पहिल्यांदा पक्ष बघायचा.

आमच्यातल्या धाकट्याने पहिला लेमा असा लिहिला होता: अंक अ, ब, क, ड असतील तर (१०००अ + १००ब + १०क + ड) उणे (१०००ड + १००क + १०ब + अ) बरोबर ९९९(अ − ड) + ९०(ब − क). शाळेतलं बीजगणित, चूक काय असणार? पण त्याने अंक नैसर्गिक संख्या म्हणून घेतले होते, आणि पक्षात फक्त ‘अ हा ड पेक्षा लहान नाही’ एवढंच होतं. इसाबेलच्या नैसर्गिक संख्यांमध्ये ऋण काही नसतं, ३ उणे ५ म्हणजे सरळ शून्य. आता अ = १, ब = ०, क = १, ड = ० घ्या. डावीकडे १०१० उणे १०१, म्हणजे ९०९. उजवीकडे ९९९ अधिक ९० गुणिले शून्य, म्हणजे ९९९. लेमा खोटा. व्हॅम्पायरने रात्रभर डोकं आपटलं तरी निघणार नाही. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार!

‘ब हा क पेक्षा लहान नाही’ एवढं पक्षात घातलं की हा लेमा प्रेसबर्गर, हे इसाबेलमधलं अंकगणिताचं साधन, एका झटक्यात सोडवतं. इसाबेलऐवजी लीन हे तशाच कामाचं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांनी ओमेगा वापरावं, नैसर्गिक वजाबाकीची कटकट ते स्वतः सांभाळून घेतं.

म्हणून माझा नियम: स्लेजहॅमरच्या आधी क्विकचेक आणि निटपिक. दोघंही प्रत्युदाहरण शोधतात. इसाबेल तर लेमा लिहिताक्षणीच बऱ्याचदा स्वतःहून क्विकचेक चालवते आणि खाली निरोप ठेवते. तो आपण वाचत नाही ही गोष्ट वेगळी.

पण त्यांचं ‘काही सापडलं नाही’ म्हणजे ‘खरं आहे’ असं नव्हे, आणि इथे आम्ही एक अख्खा रविवार घालवला. मुख्य प्रमेय लिहिलं: १००० ते ९९९९ मधली, सगळे अंक सारखे नसलेली प्रत्येक संख्या सात पायऱ्यांच्या आत ६१७४ वर येते. क्विकचेक गप्प, निटपिक गप्प, स्लेजहॅमर हात वर करून मोकळा. शेवटी कॉलेजात शिकवणाऱ्या ताई म्हणाल्या, “अरे, एकदा हाताने चालवून तरी बघा.” व्हॅल्यू कमांड देऊन १००० वर पायरी चालवली. आलं ९९९. त्याच्यावर पुन्हा चालवली. आलं शून्य.

झालं होतं असं की अंक सुटे करणारं फंक्शन दहाने भागत भागत शून्यापर्यंत जाणारं होतं, त्यामुळे आघाडीचे शून्य गळून पडत होते. ९९९ हे ०९९९ म्हणून धरायला हवं, तर कापरेकरांची क्रिया चालते: ९९९० उणे ०९९९ म्हणजे ८९९१, आणि पुढे. आमच्या फंक्शनला ते तीन अंकी वाटत होतं. प्रमेय कापरेकरांचं बरोबर, आम्ही लिहिलेलं चूक. मग क्विकचेकने का नाही पकडलं? कारण तो छोट्या छोट्या किमती घालून बघतो. आमच्या पक्षातच ‘१००० किंवा त्याहून मोठी’ असं होतं, म्हणजे त्याच्या सगळ्या चाचण्या पक्षालाच अडून वाया गेल्या. पक्षात मोठा आकडा असेल तर त्याच्या गप्प बसण्याला किंमत देऊ नका. स्वतः दोन-चार किमती चालवून बघा.

प्रकार लिहिलाय का

हे छोटं आहे पण छळतं. ‘क्ष + य = य + क्ष’ एवढंच लिहून पाहा, प्रकार न सांगता. सिद्ध होणार नाही. इसाबेल समजते की क्ष आणि य अशा कुठल्याशा प्रकारचे आहेत ज्यावर ‘बेरीज’ नावाची काहीतरी क्रिया आहे, बस्स. ती बेरीज उलटसुलट केली तरी चालते असं तिला कुणी सांगितलेलंच नाही. एका ठिकाणी ‘नॅट’ (नैसर्गिक संख्या) किंवा ‘इंट’ (पूर्णांक) लिहिलं की प्रश्न मिटतो. कंट्रोल दाबून अक्षरावर माउस नेला की प्रकार दिसतो. शंका आली की आधी तेच करा.

सॉल्व्हरला सापडलं, मेटिसला जमत नाही

आता मूळ दुखणं. फोटोंपैकी सर्वांत जास्त याचेच असतात आणि कारण जवळपास ठरलेलं आहे: झेड-थ्रीला गणित येतं, मेटिसला येत नाही.

मेटिस हे जो हर्ड यांचं साधन. समानता आणि तर्काचे नियम यांच्या जोरावर लेमा एकमेकांत अडकवून निष्कर्ष काढतं आणि प्रत्येक पाऊल कर्नलमधून नेतं. पण ‘४ मोठा, ३ लहान’ हेही त्याला लेमा दिल्याशिवाय कळत नाही. एसएमटी सॉल्व्हरच्या पोटात मात्र वेगवेगळ्या शाखांची वेगवेगळी यंत्रं असतात. एक फंक्शनांच्या समानतेचं, एक रेषीय अंकगणिताचं, एक ॲरेंचं. ही यंत्रं एकमेकांना ‘हे आणि ते समान’ असं कळवत एकत्र कशी काम करतात, याची पद्धत ग्रेग नेल्सन आणि डेरेक ओपेन यांनी १९७९ साली मांडली. त्यामुळे ज्या साध्यात लायब्ररीतला लेमा आणि अंकगणित दोन्ही मिसळलेलं आहे, ते झेड-थ्री सहज खातो. मग स्लेजहॅमर लेमांची यादी मेटिसच्या हातात ठेवतो. त्या यादीत अंकगणित नसतं, कारण झेड-थ्रीने ते लेमा म्हणून वापरलेलंच नसतं, त्याला ते उपजत होतं. मेटिस अडतं.

आमच्या फाइलीतली ओळ साधारण अशी होती: ‘न च्या अंकांची उतरत्या क्रमाने लावलेली यादी अ, ब, क, ड असेल, तर न ची पुढची पायरी ९९९(अ − ड) + ९०(ब − क).’ यात दोन कामं आहेत. क्रमाने लावलेल्या यादीवरून ‘अ पेक्षा ब मोठा नाही, ब पेक्षा क मोठा नाही’ हे काढणं हे लेमांचं काम. त्यावरून समीकरण काढणं हे अंकगणिताचं. एका दमात मागितलं तर मेटिस दुसऱ्यावर अडतं आणि प्रेसबर्गर पहिल्यावर, कारण प्रेसबर्गरला यादी म्हणजे काय ते माहीत नाही.

उपाय: ओळ फोडा. आधी ‘हॅव’ लावून क्रमाच्या असमानता वेगळ्या सिद्ध करा. तिथे मेटिस किंवा सिंप चालतं. मग ‘विथ’ किंवा ‘यूझिंग’ने त्या पुढे ढकला आणि राहिलेलं समीकरण प्रेसबर्गर किंवा लिनॲरिथला द्या. दोन ओळींच्या चार होतात, पण त्या चारही सहा महिन्यांनी उघडल्या तरी चालतात. ‘यूझिंग’ने पुढे ढकललेल्या गोष्टींना स्लेजहॅमर निवडीतही मान देतो, तो फायदा वेगळाच.

फोडायचं नसेल तर एसएमटी नावाचंच साधन आहे. झेड-थ्री किंवा व्हेरिट या सॉल्व्हरने दिलेली सिद्धता पायरी-पायरीने इसाबेलमध्ये परत रचायचं काम ते करतं. चालतं, पण सॉल्व्हरची आवृत्ती बदलली की कुरकुरतं. मी ते कच्च्या खर्ड्यात ठेवतो, पक्क्या फाइलीत शक्यतो नाही. गटातल्या दुसऱ्या एकाचं मत नेमकं उलट आहे.

ओळ फोडूनही मेटिस नुसतंच फिरत बसलं, तर यादी बघा. सात-आठ लेमा दिसत असतील तर त्यात बहुधा एखादा फार सर्वसाधारण, कशालाही चिकटणारा असतो. स्लेजहॅमरला कंसात ‘डेल’ लिहून तो वगळायला सांगता येतं, ‘ॲड’ लिहून आपला एखादा पुढे करता येतो. मोजकेच लेमा देऊन ‘यांतूनच कर’ असंही म्हणता येतं. माझं काम या शेवटच्या प्रकाराने जास्त होतं. सिद्धता कशी जाणार आहे हे ढोबळ माहीत असेल तर निवड आपणच करावी.

कुणालाच सापडत नाही, सगळे वेळ संपवतात

दोन प्रश्न स्वतःला विचारा.

एक, इथे इंडक्शन (गणिती विगमन) लागतंय का? यादी, झाड, नैसर्गिक संख्या, स्वतः लिहिलेलं पुनरावर्ती फंक्शन यांतलं काहीही साध्यात असेल तर उत्तर बहुतेक ‘हो’. आम्ही हौसेने स्वतःचं क्रम लावायचं फंक्शन लिहिलं होतं (लायब्ररीतलं वापरलं असतं तर दोन तास वाचले असते, पण ती चर्चा घरात झालेली बरी). त्याने यादीची लांबी बदलत नाही एवढं साधं विधानही स्लेजहॅमरला येईना. हे सॉल्व्हर तर्काचे नियम उलटसुलट लावून शोध घेतात, इंडक्शन कशावर करायचं हे ते आपल्यासाठी ठरवत नाहीत. आपण ‘इंडक्ट’ लिहायचं, आणि पडलेल्या दोन तुकड्यांवर स्लेजहॅमर मारायचा. पहिला तुकडा सिंपनेच जातो, दुसऱ्यात बहुतेक घालण्याच्या फंक्शनबद्दल एक छोटा लेमा कमी असतो. तोही तसाच.

दोन, दोन चलांचा गुणाकार आहे का? मोझेस प्रेसबर्गर यांनी १९२९ साली दाखवलं की नुसती बेरीज असलेल्या अंकगणितात प्रत्येक विधानाचा निकाल यंत्राने लावता येतो. ९९९ गुणिले अ चालतं, कारण ती ९९९ वेळा बेरीजच. अ गुणिले ब आलं की हमी गेली. युरी मातियासेविच यांनी १९७० साली शेवटची कडी जोडली आणि पूर्णांकांतल्या बहुपदी समीकरणांना उकल आहे की नाही हे सांगणारी सर्वसाधारण रीत असूच शकत नाही, हे पक्कं झालं. म्हणजे सॉल्व्हर तिथे अडला तर तो त्याचा आळस नाही. शक्य असेल तिथे एका चलाची किमती-किमतीने फोड करा. अंक असतील तर दहाच तर किमती आहेत.

डॅफ्नीसारख्या साधनातून थेट झेड-थ्री वापरणाऱ्यांसाठी

डॅफ्नी म्हणजे प्रोग्रॅम लिहितानाच तो बरोबर असल्याचं सिद्ध करायची भाषा. इथे मधला अडत्या नाही, त्यामुळे आजार वेगळा. आधी एक गोंधळ मिटवू. आपण सॉल्व्हरला साध्याचा नकार देतो. त्याने ‘अनसॅट’ म्हटलं म्हणजे नकार अशक्य, म्हणजे आपलं सिद्ध. ‘सॅट’ म्हणजे प्रत्युदाहरण. ‘अननोन’ म्हणजे ‘मला नाही ठरवता आलं’, आणि याला लोक ‘खोटं आहे’ समजून बसतात.

‘प्रत्येकासाठी’ असलेली गृहीतकं सॉल्व्हर आकृती जुळली की लावतो. त्या आकृतीला ट्रिगर म्हणतात. समजा गृहीतक आहे: प्रत्येक क्ष साठी फ(क्ष) हा फ(फ(क्ष)) पेक्षा लहान. ट्रिगर फ(क्ष) ठेवला. कुठेतरी फ(७) दिसलं की गृहीतक लागतं आणि फ(फ(७)) जन्माला येतं. तेही फ च्याच आकृतीचं, म्हणून पुन्हा लागतं, फ(फ(फ(७))) येतं... आणि पंखा जोरात फिरायला लागतो. ट्रिगर फ(फ(क्ष)) असा ठेवला तर ते दुहेरी रूप आधीच हजर असेल तेव्हाच गृहीतक लागतं आणि नवं काही जन्मत नाही. सिद्धता कधी होते, कधी होत नाही, असं दिसलं तर पहिला संशय ट्रिगरवर घ्या.

“काल चाललं होतं हो!”

हे वाक्य मी स्वतःही म्हटलंय. रात्री घरी सगळं हिरवं, सकाळी ऑफिसच्या जुन्या मशीनवर लाल. कधी उलटं. मार्चच्या उन्हात लाईट गेली, लॅपटॉप बॅटरीवर आला, प्रोसेसर मंदावला, आणि जी ओळ कशीबशी वेळेत बसत होती ती बसेना.

घड्याळाची मर्यादा ही मशीनची मर्यादा असते, सिद्धतेची नव्हे. झेड-थ्रीला सेकंदांऐवजी कामाचं माप देता येतं, त्याला रिसोर्स लिमिट म्हणतात. डॅफ्नीतही ती सोय आहे. मग निदान त्याच आवृत्तीवर तरी निकाल मशीनगणिक बदलत नाही. सॉल्व्हरचं बीज, म्हणजे सीड, बदलून चार-पाच वेळा चालवून बघा. एखाद्या बीजावर पडली तर ती ओळ पिकलेली नाही, फोडा.

इसाबेलमध्ये वेगळं बघायचं. फाइलीत स्लेजहॅमर कमांड तशीच राहिली आहे का? ती शोधायची कमांड आहे, सिद्धतेचा भाग नाही, सापडलेली ओळ पेस्ट करून ती काढून टाकायची. वर कुणी एखादा लेमा ‘सिंप’ म्हणून, म्हणजे आपोआप लागणारा नियम म्हणून, नोंदवला आहे का? सिंप आणि ऑटो तो नकळत उचलतात, आणि खालची दहा पानं लांबची ऑटो वेगळ्याच वाटेने जाऊन अडकते. आमच्याकडे झालं होतं तेच. ९९९(अ − ड) चा कंस सोडवणारा नियम एकाने हौसेने सिंपमध्ये टाकला आणि त्याच्या आधारावर नसलेल्या तीन ओळी पडल्या. म्हणून ऑटो नेहमी ओळीच्या शेवटी वापरावी, मध्ये नाही. मध्ये वापरली तर तिने काय उरवलं यावर पुढची ओळ अवलंबून राहते, आणि ते ती उद्या बदलू शकते.

हिरवं झालं, पण कशाच्या जोरावर?

ही तक्रार कुणी फोटोने पाठवत नाही, कारण इथे लाल काही दिसतच नाही.

६१७४ चा शेवटचा टप्पा असा. चार अंकांच्या, सगळे सारखे नसलेल्या ९९९० संख्या आहेत, आघाडीचे शून्य धरून. पण पहिल्या पायरीनंतर येणारी संख्या फक्त अ − ड आणि ब − क यांवर ठरते. पहिला फरक १ ते ९, दुसरा ० पासून पहिल्याइतका. २ + ३ + … + १० म्हणजे ५४. झालं, ९९९० ऐवजी ५४ संख्या तपासायच्या. हे कमी करणं माणसाचं काम, ५४ तपासणं यंत्राचं. धाकट्याने तिथे ‘इव्हॅल’ लावलं, डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच हिरवं झालं, आणि त्याने फोटो पाठवला, या वेळी आनंदाचा.

इव्हॅल काय करतं? व्याख्यांपासून प्रोग्रॅम तयार करून चालवतं आणि उत्तर खरं मानतं. कोड तयार करणाऱ्या यंत्रणेवर विश्वास ठेवलेला असतो, कर्नलच्या काट्यावर माल चढलेलाच नसतो. प्रमेयावर ‘थम ऑरॅकल्स’ ही कमांड चालवली की अशी उधारी दिसते. सिद्धतेच्या जागी तात्पुरता लिहून राहून गेलेला ‘सॉरी’ही तिथेच दिसतो. काहींना ही उधारी चालते, मोठ्या गणनांत ती घ्यावीही लागते. ५४ साठी घ्यायचं काही कारण नाही. ‘कोड-सिंप’ लावा. तेच काम सिंपच्या मार्गाने कर्नलमधून नेतं, हळू चालतं, पण मागे काही ठेवत नाही.

लीनमध्ये हाच प्रकार ‘नेटिव्ह डिसाइड’चा. ९९९० वर नुसतं ‘डिसाइड’ लावलं तर रिकर्शनची मर्यादा ओलांडल्याची तक्रार येते, मग माणूस ‘नेटिव्ह’ जोडतो आणि चालतं. ‘प्रिंट ॲक्सिअम्स’ करून पाहा, कंपायलरवर विश्वास ठेवल्याचं जास्तीचं गृहीतक यादीत आलेलं दिसेल. ‘बीव्ही-डिसाइड’ बाहेरच्या कॅडिकल या सॅट सॉल्व्हरकडून प्रमाणपत्र घेतं आणि ते तपासतं, पण ते तपासणंही वेगासाठी कंपायलरमार्गेच होतं, त्यामुळे गृहीतकांची यादी एकदा तिथेही वाचावी.

मदत मागताना

फोटो नको. फाइलीतला मजकूर पाठवा, वरच्या आयात ओळींसकट, आणि इसाबेलची आवृत्ती. क्विकचेक आणि निटपिक काय म्हणाले ते. साध्यातल्या चलांचे प्रकार. स्लेजहॅमरने दिलेली लेमांची यादी. एवढं असलं तर उत्तर बहुतेक चहा होईपर्यंत येतं.

आणि हात बसवायचा असेल तर तीन अंकी घ्या. तिथे मुक्काम ४९५ वर असतो. पहिली वजाबाकी ९९ गुणिले सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान अंकांतला फरक एवढीच येते, म्हणजे ५४ ऐवजी ९ संख्या. आघाडीचा शून्य तिथेही आहेच. फरक १ आला की ०९९.